पावशा ओरडला की थांबायचं

मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी माझी साखर तपासली आणि सांगितलं, "गोळ्यांआधी चालून बघा." झालं! मुलाने त्याच संध्याकाळी माझ्या मोबाईलमध्ये पावलं मोजणारं अॅप टाकलं आणि रोजचं लक्ष्य ठरवून दिलं. दहा हजार पावलं. तेव्हापासून आमच्या मुंब्र्याच्या घरात नवाच हिशेब सुरू झाला. इशाची नमाज होते, भांडी आवरून होतात, तरी सहाशे पावलं उरलेलीच असतात. मग माझ्या स्वयंपाकघर ते गॅलरी अशा फेऱ्या सुरू. आमचे हे पेपरातून डोकं वर काढून विचारतात, "काही हरवलंय का?"

पुढे वाचनात आलं की हा दहा हजारांचा आकडा मुळात कुणा डॉक्टरने काढलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजण्याचं एक यंत्र बाजारात आलं. त्याचं नाव 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. यंत्र खपलं आणि आकडा जगभर चिकटला. मी मोठ्या उत्साहाने हे मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "अम्मी, बहाणे नको. अजून सहाशे राहिलीत."

मे महिन्यात मुलांना घेऊन माहेरी गेले. दाभोळच्या खाडीकाठी आमचं गाव. अब्बांनी तीस वर्षं जहाजावर काढली आणि आता फज्रची नमाज, चहा-बटर आणि मग फिरणं हा त्यांचा नेम. मनात म्हटलं, चला, इथे तरी दहा हजार सहज होतील. धाकटीलाही सोबत घेतलं.

पहिल्या दिवशी दीड तास फिरून आलो आणि मोबाईल पाहिला. दोन हजार तीनशे!

कारण अब्बा चालतात कमी आणि थांबतात फार. मशिदीच्या मागची नारळाची वाडी ओलांडली की पहिला मुक्काम. शेजारच्या विहिरीत पाणी किती उतरलं, ते वाकून पाहायचं. मग जांभ्या दगडाचा गडगा. त्यावर टेकून समोरच्या फणसाला यंदा किती धरलेत, ते मोजायचे. कालच मोजलेले असले तरी आज पुन्हा मोजायचे. मग साकव. तिथे उभं राहून ओढ्यातल्या कोरड्या दगडांना सलाम केल्यासारखं बघत राहायचं. वाटेत दगड दिसला, काटेरी फांदी दिसली की काठीने बाजूला करायची. वाटेवरची त्रासदायक वस्तू दूर करणं हा ईमानचाच भाग आहे, हे आम्ही सगळे लहानपणापासून ऐकत आलो. पण त्यासाठी रोज सकाळी एवढा वेळ देणारे मी अब्बाच पाहिले. मोबाईलमध्ये त्याचं एकही पाऊल जमा होत नाही.

परतीची वाट नेहमी वेगळी. पैगंबर (स.) ईदच्या नमाजला एका वाटेने जात आणि दुसऱ्या वाटेने परत येत, असं हदीसमध्ये आहे. अब्बांनी ती रीत रोजच्या फिरण्याला लावून घेतली आहे. "त्याच वाटेने परत यायचं तर दोनदा तेच घर लागतं," ते म्हणतात. "या वाटेने आलं की दुसऱ्यांचीही खुशाली कळते." म्हणजे आणखी चार दारांत थांबणं आलंच.

धाकटीची मात्र मजा होती. सड्यावरच्या जाळ्यांत करवंदं पिकली होती. आम्ही लहानपणी खेळायचो तो खेळ नानांनी तिला शिकवला. करवंद अर्धं चावायचं, आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. आधी ओळखायचं आणि मग चावायचं. नाना हटकून हरायचे. नारळाच्या पातीची पिपाणीही त्यांनी तिला करून दिली. त्या पिपाणीने पुढचे दोन दिवस घरात कुणाला दुपारची झोप मिळाली नाही.

आणि पावशा. तो ओरडला की अब्बा जिथे असतील तिथे थांबायचे, बोट वर करून. "ऐक! शेतकऱ्याला तो म्हणतो, पेरते व्हा. हिंदीवाल्याला ऐकू येतं, पी कहाँ. आणि इंग्रज साहेबाला काय ऐकू यायचं? ब्रेन फीवर! ज्याच्या डोक्यात जे, ते त्याच्या कानात." धाकटी म्हणाली, "मला तर 'आता खेळा' ऐकू येतं." मला काय ऐकू येत होतं, ते मी सांगितलं नाही. 'अजून सहाशे, अजून सहाशे.'

पाचव्या दिवशी मी ठरवलं, आज आपण पुढे जायचं. "अब्बा, तुम्ही या सावकाश," म्हणत सड्याचा चढ भराभर चढले. वर पोहोचून मागे पाहिलं. अब्बा चढाच्या मध्यावर उभे होते. एक हात गडग्यावर, दुसऱ्याचं बोट वर. पावशा ऐकत होते.

पण पावशा ओरडतच नव्हता.

मी खाली आले. जवळून पाहिलं तर त्यांची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. "कधीपासून?" मी विचारलं. "काय कधीपासून? पक्षी आहे तो, ओरडतो, गप्प बसतो." घरी अम्मीला विचारलं तेव्हा ती पदराला हात पुसत म्हणाली, "रमजानपासून. मला बजावलंय, मुलींना कळवायचं नाही. त्या तिकडे उगाच काळजी करतील."

विहीर, फणस, साकव, चार घरांची खुशाली... कुठल्या थांब्यावर त्यांना खरंच काही पाहायचं होतं आणि कुठे नुसता श्वास हवा होता, ते मी मनात मोजू लागले. मोजता आलं नाही. रोज पावलं मोजणाऱ्या मला सोबत चालणाऱ्या माणसाचा दम ऐकू आला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी त्यांना तालुक्याला नेलं. हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "हृदय जरा थकलंय. वेळेवर आलात. गोळ्या नियमित घ्या. चालणं सोडू नका, फक्त चढ टाळा आणि दम लागला की थांबा."

अब्बा माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर जहाज बंदराला लावल्याचा आनंद. "ऐकलंस? मी इतके दिवस काय करत होतो?"

तुमच्याही घरी असं कुणी असेल, जे चालताना मध्येच फुलं बघायला थांबतं, चपलेचा पट्टा पुन्हा पुन्हा नीट करतं. एकदा त्यांच्या बरोबरीने चालून बघा. त्यांचा बहाणा उघडा पाडायची घाई नको, पण तपासून घ्यायला उशीरही नको.

आता मुंब्र्यात माझी पावलं दहा हजारांपर्यंत क्वचितच पोहोचतात. साखर मात्र, अल्हमदुलिल्लाह, खाली आली आहे. रोज सकाळी गावी फोन लावते. परवा विचारलं, "अब्बा, आज साकवावर फार वेळ थांबलात म्हणे? पावशा ओरडला की दम लागला?"

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दोन्ही."