सुई वेगळी, पाणी एकच

नशेची इंजेक्शने घेणाऱ्यांशी बोलताना मी पूर्वी एकच प्रश्न विचारत असे, "दुसऱ्याची सुई वापरतोस का?" बहुतेक जण "नाही" म्हणत आणि मी तशी नोंद करून मोकळा होई. एकदा एका तरुणाला मी म्हटले, "काल काय काय केलेस ते सांग." तो म्हणाला, "तिघे होतो. सुया ज्याच्या त्याच्या. पावडर एका चमच्यात विरघळवली, एकाच कापसातून ओढली, एकाच ग्लासात सिरिंजा धुतल्या."

एचआयव्हीला वाट मिळते ती इथे. शीर सापडली का हे पाहताना थोडे रक्त सिरिंजमध्ये येते. नुसत्या पाण्याने ते पुरते निघत नाही, उलट त्या पाण्यात मिसळते. सिरिंजमध्ये राहिलेल्या रक्तात हा विषाणू अनेक दिवस तग धरू शकतो.

याची किंमत मणिपूरने मोजली. म्यानमारच्या सीमेमुळे तिथे हेरॉईन सहज मिळे. १९८९-९० मध्ये इंजेक्शन घेणाऱ्यांत ही लागण आढळू लागली आणि वर्षभरातच तपासलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास पोहोचली. पुढे ती त्यांच्या बायकांपर्यंत गेली.

आपण याला निष्काळजीपणा म्हणतो. पण झडतीत सापडेल या भीतीने सुई खिशात ठेवली जात नाही. पैसे एकत्र करून पुडी घेतली की वाटणीही एकाच चमच्यातून होते. नशा उतरून अंग मोडून आले की धीर उरत नाही.

म्हणूनच सरकारी कार्यक्रमात नव्या सुया दिल्या जातात, इंजेक्शनऐवजी जिभेखाली ठेवायची गोळी देतात. "हे व्यसनाला उत्तेजन नव्हे का?" असे लोक विचारतात. सुया दिल्याने व्यसन वाढत नाही, लागण मात्र कमी होते, हाच ठिकठिकाणचा अनुभव आहे. २०१७च्या एचआयव्ही कायद्यानेही अशा कामाला संरक्षण दिले आहे.

त्या तरुणाची तपासणी केली. लागण झाली होती. त्याचा पहिला प्रश्न होता, "बायकोचे काय?" तिला लागण नव्हती. उपचार नियमित घेऊन रक्तातला विषाणू पूर्ण आटोक्यात राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला होत नाही, हे मी दोघांना समजावले.

घरात असे कुणी असेल, तर रागावण्याआधी १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा. मी मात्र आता सुईबरोबर चमचा, कापूस आणि पाण्याचेही विचारतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)