समुद्रातला परस

बारामती तालुक्याच्या जिराईत पट्ट्यात, सुपे-मोरगावच्या बाजूला, विहिरीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "किती परस?" सात परस, नऊ परस, पाणी पाचव्या परसाला लागलं, सहाव्याला पाषाण आडवा आला. परस म्हणजे पुरुष, एका माणसाच्या उंचीएवढी खोली. विहीर खणणाऱ्यांशी बोलीही परसावरच व्हायची. हा परस नेमका किती फुटांचा, याचं उत्तर गावागणिक थोडं हलतं, आणि पैसे चुकते करायच्या दिवशी माणसागणिकही. तरी साडेपाच-सहा फुटांच्या आसपासच ते घुटमळतं.

आता नकाशावर बारामती-इंदापूर पाहा. पश्चिमेला सह्याद्रीची भिंत, तिच्यापलीकडं कोकण, मग समुद्र. इथल्या माणसानं गलबताचं शीड पाहायचं ते चित्रात. पण जगभरच्या खलाशांनी शेकडो वर्षं समुद्राची खोली ज्या मापानं सांगितली, ते माप बारामतीच्या विहिरीत रोजच्या बोलण्यातलं आहे. खलाशी त्याला फॅदम म्हणतात. एक फॅदम म्हणजे सहा फूट.

फॅदम हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या 'फॅद्म'वरून आला, आणि त्याचा अर्थ होता पसरलेले दोन हात, मिठी. आपण 'कवेत न मावणारा वड' म्हणतो ना, ती कव. स्वीडिश भाषेत त्याच मुळाचा 'फाम्न' हा शब्द आजही मिठी या अर्थानं वापरतात आणि जुन्या मापाचं नावही तेच. जर्मनमधला 'फाडेन' हा त्यांचाच भाऊबंद; त्याचा आजचा अर्थ मात्र दोरा. मिठीचा दोरा कसा झाला, हे कळायला दोरी हातात घ्यावी लागते. उजनीच्या काठावर नायलॉनच्या दोरीचं बंडल सोडून मोजणारा कुणीही माणूस आठवा. एका हातात दोरीचं टोक, दुसऱ्या हातानं दोरी ताणत दोन्ही बाहू पूर्ण पसरायचे. छाती ताठ झाली की एक. ते माप सोडायचं, पुन्हा पसरायचं: दोन. समुद्रातून ओली दोरी वर ओढणारा माणूस वेगळं काय करणार? डोलणाऱ्या जहाजावर फूटपट्टी कुठं टेकवायची? माप त्याच्या अंगावरच होतं.

म्हणून हे माप एकाच ठिकाणी जन्मलं आणि तिथून सगळीकडं पसरलं, असं मानायची गरजच पडत नाही. फ्रेंचांचं 'ब्रास' हात या शब्दावरून आलं. अरबांचं 'बाअ', ग्रीकांचं 'ऑर्ग्यिया', जपान्यांचं 'हिरो', सगळ्यांचं माप तेच, पसरलेल्या दोन हातांचं. आणि आपलं? संस्कृतात त्याला व्याम म्हणतात, मराठीत त्याचं वांव झालं. परस तेवढा उभ्या माणसाचा, वांव आडव्या हातांचं.

इथं खरी गंमत आहे. उभा माणूस आणि त्याचे आडवे हात, ही दोन मापं जवळपास सारखी भरतात. रोमन वास्तुकार व्हिट्रूव्हियसनं हे लिहून ठेवलं होतं आणि लिओनार्दो दा विंचीनं १४९०च्या सुमारास चौकोनात उभा केलेला, हात पसरलेला तो प्रसिद्ध माणूस त्याच्यावरूनच काढला. पण मला त्या चित्रापेक्षा कौटिल्याची एक कोरडी नोंद जास्त भारी वाटते. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात मापांची यादी आहे. तिथं तो सांगतो की व्याम ८४ अंगुळांचा, आणि तो दोन कामांना लावायचा: दोरी मोजायला आणि खणलेल्या खड्ड्याची खोली मोजायला. त्या खोलीच्या मापाला त्यानं शब्द वापरलाय खातपौरुष. म्हणजे खलाशाची दोरी आणि मोरगावची विहीर त्यानं एकाच ओळीत बसवली आहेत, आणि तीही कसलंही कौतुक न करता, सरकारी दप्तराच्या थाटात.

आता दोरी खाली सोडू या. गवंड्याच्या ओळंब्यासारखं शिशाचं वजन, तीन ते सहा किलोचं, आणि त्याला वीस-पंचवीस फॅदम लांब दोरी. इंग्रजी आरमारात या दोरीला ठरावीक अंतरावर खुणा बांधत. दोन फॅदमवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन, पाचवर पांढरं सुती कापड, सातवर लाल लोकरी, दहावर भोक पाडलेलं चामडं. कापडं वेगवेगळी का? अंधाऱ्या रात्री रंग दिसत नाही, पण गारठलेल्या बोटांना सूत, लोकर आणि चामडं यांतला फरक कळतो. बोटं बधिर झाली तर खलाशी ती खूण ओठांना लावून बघत. शिशाच्या बुडाशी एक खळगा असे, त्यात चरबी भरलेली. तळाला टेकून वर आली की तिला वाळू, शिंपल्यांचा चुरा किंवा चिखल चिकटलेला असे. काहीच चिकटलं नाही तर खाली खडक. विहिरीतून वर येणाऱ्या टोपल्यातली माती, मुरूम, पाषाण बघून अंदाज बांधणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायला लागणार नाही.

मोजून झालं की खलाशी मोठ्यानं आकडा पुकारत. मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींवर दोन फॅदम, म्हणजे बारा फूट पाणी लागलं की 'मार्क ट्वेन' अशी आरोळी उठे. बोट जाईल, फिकीर नाही. तिथं सुकाणू धरलेल्या सॅम्युअल क्लेमेन्सनं १८६३ साली तीच आरोळी लेखनासाठी नाव म्हणून घेतली. बारा फूट पाण्याचं नाव लावून तो जगप्रसिद्ध झाला. मराठीत कुणी 'दोन परस' असं टोपणनाव घेतलंय का, माझ्या ऐकण्यात नाही.

खोल समुद्रातही माप हेच चाललं. १८७५च्या मार्चमध्ये 'चॅलेंजर' या इंग्रजी संशोधन जहाजानं प्रशांत महासागरात मारियाना गर्तेपाशी दोरी सोडली. तळ लागला ४,४७५ फॅदमवर, आठ किलोमीटरांहून खाली. डोक्यावर पाय देऊन सहा-सहा फुटांची ४,४७५ माणसं एकावर एक उभी केली, तर सगळ्यात वरच्याचं डोकं जेमतेम पाण्याच्या पृष्ठभागाला लागेल. आज जहाजं ध्वनीचा ठोका खाली पाठवतात आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीचा वेळ मोजतात. आकडे येतात ते बहुतेक मीटरमध्ये.

इंग्रजीत पुढं 'फॅदम' करणं म्हणजे एखादी गोष्ट समजून घेणं असा अर्थ रुळला. आपल्याकडं तेच काम ठाव आणि थांग करतात. मनाचा ठाव लागत नाही, कर्जाचा थांग लागत नाही.

इंदापूर तालुक्यात तर आता समुद्रासारखंच पाणी आहे. भीमेवरचं उजनी धरण १९८०मध्ये पुरं झालं आणि पळसदेव, भिगवणच्या बाजूला जलाशय पसरला. होड्या आल्या, जाळी आली, चिलापी आली. पण या पाण्याची खोली कुणी परसात सांगत नाही. इथली भाषा टीएमसीची आणि टक्क्यांची. धरणात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा. पाणी त्या रेषेखाली गेलं की उजनी 'मायनसमध्ये' गेली, पावसानं वर आलं की 'प्लसमध्ये' आली. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. माणसाचं पाऊल तेवढं हिशेबात कसंबसं उरलं आहे, बाकीचं अंग गळालं.

विहिरींचंही तेच होत चाललंय. पाचशे फुटांचं बोअर म्हणजे त्र्याऐंशी परस होतील, पण असं म्हणताना कुणाला ऐकलंय? परस वापरायचा तर खाली माणूस उतरावा लागतो. सहा-साडेसहा इंचांच्या भोकात कोण उतरणार? तिथं गाडी लागते, आणि गाडीवाला बिल फुटावर करतो.