४० लाखांच्या हिशेबात काय धरतात?

महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांपर्यंत खर्च करता येतो. गोव्यात २८ लाख. २०२२ पासून हीच मर्यादा आहे. तिच्याबद्दल इतके गैरसमज पसरलेत की मतदार हिशेब मागायचंच सोडून देतात. मला हे फार घातक वाटतं.

‘गाडी कार्यकर्त्याने दिली, मांडव मित्राने घातला, मग खर्च कसला?’ खर्चच तो. खुर्ची, मांडव, गाडी, चहा-नाश्ता यांचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवतात, आणि फुकट मिळालेली वस्तूही त्या दराने उमेदवाराच्या खर्चात मांडली जाते. निवडणूक आयोगाची पथकं सभांचं चित्रीकरण करून स्वतंत्र नोंद ठेवतात. प्रचारकाळात उमेदवाराची वही किमान तीनदा तिच्याशी ताडून बघतात.

‘४० लाखांत निवडणूक होते का? म्हणजे सगळेच कायदा मोडतात.’ इथे जरा थांबायला हवं. मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही त्याचाच धरावा, असं सांगितलं. त्याच वर्षी कायदा बदलून तो खर्च वगळला गेला. २००३ च्या दुरुस्तीने ही सूट स्टार प्रचारकांच्या प्रवासापुरती आणली. उमेदवार त्यांच्यासोबत व्यासपीठावर बसला, तर सभेच्या खर्चातला वाटा त्याच्यावर पडतो. पण पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला आजही मर्यादा नाही. खरी लढाई इथे द्यायला हवी. उमेदवारांच्या नावाने बोटं मोडून काही साधत नाही.

मर्यादा ओलांडली की आमदारकी आपोआप जाते, हाही समज चुकीचा. त्यासाठी निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करून ते सिद्ध करावं लागतं. हिशेब द्यायची मुदत ३० दिवसांची. म्हणजे तो तपासून न्यायालयात जायला हाती उरतात जेमतेम १५ दिवस!

हरलेल्यालाही हिशेब द्यावा लागतो. तो दिला नाही किंवा नियमाप्रमाणे दिला नाही, तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना २०११ मध्ये असंच अपात्र ठरवलं गेलं. पैसे देऊन छापून आणलेल्या बातम्यांचा खर्च त्यांनी दाखवला नव्हता.

हे हिशेब गोपनीय नसतात. जिल्हा निवडणूक कार्यालयात नाममात्र शुल्क भरून ते कोणालाही पाहता येतात, त्यांच्या प्रतीही मिळतात.