कुमारींचा दक्षिण आशियाई चषक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुंडलिकनगरातील आमच्या गल्लीत सायंकाळी दोन विटांचा गोल मांडून मुली फुटबॉल खेळू लागल्या, की ओट्यावरच्या वडीलधाऱ्या मंडळींत ‘सॅफ’ स्पर्धेचा विषय हटकून निघतो. त्यांची आस्था खरी असली, तरी काही गैरसमज दृढ झालेले आहेत, आणि त्यांचे निरसन होणे अगत्याचे आहे.

गैरसमज : ही एकाच ठरावीक वयोगटाची स्पर्धा आहे.
वस्तुस्थिती : दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघ, म्हणजेच ‘सॅफ’, मुलींसाठी निरनिराळ्या वयोगटांचे सामने भरवतो. २०१७ साली ढाक्यात पंधरा, २०२२ साली जमशेदपुरात अठरा आणि २०२४ साली पुन्हा ढाक्यात एकोणीस वर्षांखालील मुली खेळल्या. म्हणून एका सालचे अजिंक्यपद दुसऱ्या सालच्या तराजूत तोलता येत नाही.

गैरसमज : भारताचा विजय मुक्रर असतो.
वस्तुस्थिती : २०१७ च्या अंतिम सामन्यात बांगलादेशाने भारतास १-० असे नमविले, पुढच्याच वर्षी थिंफूत भारताने त्याच फरकाने परतफेड केली, आणि जमशेदपुरात तर दोघांचे गुण समसमान झाल्याने गोलांच्या सरस फरकावर भारतास चषक मिळाला.

गैरसमज : बरोबरी न सुटल्यास नाणेफेकीने निकाल लावण्याचा दस्तूर आहे.
वस्तुस्थिती : ८ फेब्रुवारी २०२४ रोजी ढाक्यात भारत व बांगलादेश यांच्या अंतिम सामन्यात १-१ अशा बरोबरीनंतर पेनल्टी सुरू झाल्या आणि गोलरक्षिकांसह दोन्ही संघांच्या अकराही मुलींनी चेंडू जाळ्यात धाडला. ११-११ झाल्यावर नाणे उडविले गेले व कौल भारताकडे पडला. परंतु नियमावलीत नाणेफेकीस आधार नसल्याने बांगलादेशाने हरकत घेतली आणि अखेरीस उभयतांना संयुक्त विजेते जाहीर करण्यात आले.

गैरसमज : येथील विजेत्यास विश्वचषकाचा परवाना मिळतो.
वस्तुस्थिती : विश्वचषकाची वाट आशियाई पात्रता-फेरीतून व आशियाई चषकातून जाते. २०२२ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारत खेळला तो यजमान म्हणून. भुवनेश्वरात तिन्ही सामने गमावलेल्या त्या संघात पुण्याची काजोल डिसोझा होती.

सारांश, हा चषक म्हणजे शिखर नव्हे, पायरी आहे. आणि पायरीवर मुलींची पावले पडावयाची, तर त्यांना नित्य खेळावयास मिळाले पाहिजे. ओट्यावरच्या मंडळींनी आपल्या दुचाकी सायंकाळी घटकाभर अलीकडे घेतल्या, तर त्या दोन विटांमधले अंतर हातभर वाढेल. आस्थेचा तेवढा दाखला आपण अवश्य द्यावा.