तीन कॅमेऱ्यांचा संसार

‘आय लव्ह ल्युसी’ ही मालिका सीबीएस या अमेरिकी टीव्ही नेटवर्कला न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित करायची होती. तेव्हाची रीतच तशी होती. पूर्वेकडच्या प्रेक्षकांना ताजा कार्यक्रम मिळे आणि पश्चिम किनाऱ्याच्या वाट्याला टीव्हीच्या पडद्यावरून उतरवून घेतलेली धूसर फिल्म येई. पण मालिकेतले प्रमुख कलाकार ल्युसिल बॉल आणि देसी अर्नाझ या जोडप्याला हॉलिवूड सोडायचं नव्हतं. मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित करायची, अशी तोड निघाली. खर्च वाढला, म्हणून दोघांनी मानधन कमी घेतलं आणि बदल्यात भागांची मालकी मागितली. ती मिळालीही. एकदा दाखवलेला भाग पुन्हा कोण बघणार?

खरी कसोटी कॅमेरामन कार्ल फ्रॉइंड यांची होती. ‘मेट्रोपोलिस’चं छायाचित्रण केलेला आणि ‘द गुड अर्थ’साठी ऑस्कर मिळवलेला हा माणूस. सिनेमात शॉट बदलला की दिवे हलवता येतात. इथे प्रसंग नाटकासारखा सलग चालणार, समोर सुमारे ३०० प्रेक्षक आणि एकाच वेळी तीन कॅमेरे: मधला सगळं दृश्य टिपणारा, बाजूचे दोन चेहऱ्यांवर रोखलेले. फ्रॉइंड यांनी दिवे वर टांगले, कॅमेऱ्यांना फिरायला जमीन मोकळी ठेवली, सगळीकडे सारखा उजेड पसरवला आणि सेट करड्या छटांत रंगवून घेतले. अनेक कॅमेरे वापरण्याचे प्रयोग आधीही झाले होते. पण घडी नीट बसली ती इथे. १९५२च्या भागात पट्ट्यावरून सरकणारी चॉकलेटं आवरेनात, तेव्हा ल्युसी ती तोंडात कोंबते, टोपीत लपवते. तो गोंधळ आणि त्यावरचा प्रेक्षकांचा हशा एकाच दमात फिल्मवर उतरला आहे.

ल्युसिल गरोदर राहिली, तेव्हा जुने भाग पुन्हा दाखवले गेले आणि लोकांनी ते आवडीने पाहिले. १९ जानेवारी १९५३ला मालिकेतल्या ल्युसीला मुलगा झाला. त्याच दिवशी प्रत्यक्षातही.

पुढे भागांचे हक्क सीबीएसनेच लाखो डॉलर मोजून विकत घेतले. १९५७मध्ये दोघांच्या ‘देसीलू’ कंपनीने आरकेओ या चित्रपटसंस्थेचे स्टुडिओ घेतले. तिथेच ल्युसिलने कधीकाळी पगारावर काम केलं होतं! १९६०मध्ये दोघांचा घटस्फोट झाला, १९६२मध्ये तिने कंपनीतला देसीचा हिस्सा विकत घेतला आणि तिच्याच कारकिर्दीत ‘स्टार ट्रेक’ उभी राहिली.

ल्युसिलचं कौतुक अजूनही होतं आणि ते रास्तच आहे. पण पुनःप्रक्षेपणाच्या धंद्याचा पाया घालणाऱ्यांत देसी अर्नाझचं नाव पहिल्या रांगेत घ्यायला हवं.