रोमचें पवित्र वर्ष : अर्थ व परंपरा

‘ज्युबिली’ हा शब्द महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांना अपरिचित नाहीं. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाची सुवर्ण ज्युबिली १८८७ सालीं व हीरक ज्युबिली १८९७ सालीं साजरी झाली. या दुसरीच्या रात्रीं पुण्यास गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडलें, तें शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. पुढें शाळा, संस्था, नाटक मंडळ्या आणि बोलपट यांच्याही ज्युबिल्या होऊं लागल्या. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ उत्सव असा नव्हे. हिब्रू भाषेंतील ‘योबेल’ हा शब्द मेंढ्याचा व त्याच्या शिंगाचा वाचक आहे. जें वर्ष हें शिंग फुंकून जाहीर करावयाचें, तें योबेलाचें वर्ष. आणि तें शिंग वाजलें, म्हणजे बलवंतानें दुर्बळावरील आपला हक्क सोडून द्यावयाचा, असा दंडक होता. रोमन कॅथॉलिक पंथांत जें ‘पवित्र वर्ष’ पाळतात, त्याची पाळेंमुळें या प्राचीन दंडकांत आहेत.

हा दंडक बायबलच्या जुन्या करारांत, लेवीय नांवाच्या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत, सांगितला आहे. सात वर्षांचीं सात आवर्तनें झालीं, म्हणजे एकूणपन्नास वर्षें भरतात. त्यानंतरचें पन्नासावें वर्ष योबेलाचें. सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशीं, म्हणजे यहुदी लोकांच्या प्रायश्चित्ताच्या दिवशीं, देशभर शिंग फुंकावें, शेतें पडीक ठेवावीं, ज्यांनीं दारिद्र्यामुळें आपली वडिलोपार्जित जमीन विकली असेल त्यांना ती परत मिळावी आणि ज्यांनीं स्वतःस विकून घेतलें असेल ते इस्राएली बंधु आपल्या घरीं परत जावेत, अशी आज्ञा आहे. जमिनीची किंमत कशी ठरवावी, हेंही तेथें सांगितलें आहे. पुढील योबेलपर्यंत जितकीं पिकें हातीं लागावयाचीं असतील, तितक्यांचीच किंमत द्यावयाची. म्हणजे खरेदी ही वस्तुतः जमिनीची नसून पिकांची. जमीन परमेश्वराची आहे व मनुष्य तेथें केवळ पाहुणा आहे, हा त्यामागील सिद्धांत. हे निर्बंध प्रत्यक्षांत कितपत पाळले गेले, याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. परंतु ते ज्या ग्रंथांत लिहिले गेले तो ग्रंथ टिकला, आणि त्याबरोबर ती कल्पनाही टिकली.

येशू ख्रिस्तानें नाझरेथच्या सभास्थानांत यशया प्रवक्त्याचा लेख वाचून, बंदिवानांच्या सुटकेचें व प्रभूच्या कृपेचें वर्ष आलें आहे, असें सांगितल्याचें लूकच्या शुभवर्तमानांत आहे. तेव्हांपासून या मोकळिकीचा अर्थ पालटूं लागला. जमिनीच्या गहाणाच्या जागीं पापाचें गहाण आलें.

येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. कारण पवित्र वर्षाविषयीं जो गैरसमज होतो, तो येथेंच होतो. रोमला जाऊन आलें कीं पाप धुऊन निघतें, अशी पुष्कळांची समजूत असते. कॅथॉलिक शिकवण तशी नाहीं. तिच्या मतें पापाचे परिणाम दोन : एक दोष व दुसरा दंड. दोषामुळें परमेश्वराशीं असलेलें नातें तुटतें. तें खऱ्या पश्चात्तापानें, धर्मगुरूपुढें केलेल्या पापनिवेदनानें आणि परमेश्वराच्या क्षमेनें पुन्हां जुळतें. परंतु अपराधानें जी हानि झाली व मनास जें वांकडें वळण लागलें, त्याची भरपाई या लोकीं किंवा मरणोत्तर शुद्धिस्थानांत करावी लागते. मुलानें रागाच्या भरांत शेजाऱ्याच्या खिडकीची कांच फोडली व शेजाऱ्यानें त्यास क्षमा केली, तरी नवी कांच बसवावयाची राहतेच, आणि मुलाचा तापट स्वभावही एका दिवसांत जात नाहीं. पवित्र वर्षांत जी मोकळीक मिळते, ती या दुसऱ्या गोष्टीची, म्हणजे दंडाची. तिला ‘इंडल्जन्स’ असें नांव आहे. मराठींत तिला दंडविमोचन म्हणतां येईल. दोषाची क्षमा झालेली नसेल, तर या दंडविमोचनाचा कांहींएक उपयोग नाहीं.

पहिलें पवित्र वर्ष १३०० सालचें. विशेष हें कीं, तें प्रथम पोपच्या मनांत आलें नाहीं. लोकांच्या मनांत आलें. नवें शतक लागतांना सेंट पीटरच्या मंदिरांत जो जाईल त्यास संपूर्ण दंडविमोचन मिळतें, अशी वार्ता १२९९ च्या अखेरीस रोममध्यें पसरली व लोकांची रीघ लागली. पोप आठवा बॉनिफेस यानें जुनीं दप्तरें पाहविलीं. त्यांत आधार सांपडला नाहीं. कार्डिनल स्टेफानेस्की यानें लिहून ठेविलेल्या वृत्तांतांत एकशें सात वर्षांच्या एका वृद्धाची हकीकत आहे : शंभर वर्षांपूर्वीं आपला बाप असाच रोमला आला होता व पुढील शतकारंभीं जिवंत राहिलास तर तूंही जा, असें त्यानें बजावलें होतें, अशी साक्ष त्या वृद्धानें दिली. शेवटीं २२ फेब्रुवारी १३०० रोजीं पोपनें आज्ञापत्र काढलें. पश्चात्ताप व पापनिवेदन करून रोमच्या रहिवाशांनीं तीस दिवस व परक्यांनीं पंधरा दिवस सेंट पीटर व सेंट पॉल यांच्या मंदिरांचें दर्शन घ्यावें, आणि असें वर्ष दर शंभर वर्षांनीं यावें, असें त्यांत ठरविलें होतें.

त्या वर्षीं रोममध्यें लोटलेल्या गर्दीची साक्ष मोठमोठ्या लेखकांनीं दिली आहे. फ्लॉरेन्सचा बखरकार व्हिलानी हा स्वतः तेथें होता. रोमचें प्राचीन वैभव पाहून आपल्या नगराचा इतिहास लिहिण्याची स्फूर्ति आपणांस तेथेंच झाली, असें तो सांगतो. महाकवि डांटे यानें नरकाचें वर्णन करतांना, पापी लोकांच्या उलट दिशांनीं चालणाऱ्या दोन रांगांस टायबर नदीच्या पुलावरील यात्रेकरूंच्या जाण्यायेण्याची उपमा दिली आहे. आस्ती गांवचा बखरकार व्हेंतुरा यानें मात्र आणखी एक दृश्य टिपून ठेविलें. सेंट पॉलच्या वेदीपाशीं दोन धर्मसेवक हातांत दांताळें घेऊन रात्रंदिवस यात्रेकरूंचीं नाणीं ओढीत होते. भक्ति व द्रव्य यांची सांगड अशी पहिल्याच वर्षीं पडली.

शंभर वर्षांचें अंतर फार काळ टिकलें नाहीं. मनुष्याचें आयुष्य तितकें नसतें, हें उघड होतें. पोप सहावा क्लेमेंट यानें १३४३ सालीं लेवीय ग्रंथाचाच आधार घेऊन तें अंतर पन्नास वर्षांवर आणलें व दुसरें पवित्र वर्ष १३५० सालीं झालें. त्या वेळीं पोपचें वास्तव्य फ्रान्समधील आव्हिन्यों येथें होतें. तो स्वतः रोमला आलाच नाहीं. परंतु प्लेगच्या भयंकर सांथींतून नुकतेच वांचलेले लोक हजारोंनीं आले. पुढें ख्रिस्ताच्या आयुष्याच्या मानानें तेहतीस वर्षें हें अंतर सुचविण्यांत आलें, आणि शेवटीं दुसरा पॉल यानें १४७० सालीं तें पंचवीस वर्षांवर आणलें. तेंच आजही चालू आहे. मध्यंतरीं १४५० सालीं टायबरवरील त्याच पुलावर गर्दीची चेंगराचेंगरी होऊन सुमारें दोनशें माणसें दगावलीं. १४७५ च्या पवित्र वर्षापूर्वीं चौथा सिक्स्टस यानें नदीवर दुसरा पूल बांधविला. तो ‘पोंते सिस्तो’ या नांवानें अद्याप उभा आहे.

पवित्र वर्षाचें जें चिन्ह सर्वत्र प्रसिद्ध आहे, तें म्हणजे पवित्र द्वार. १४९९ च्या नाताळच्या आदल्या रात्रीं सहावा अलेक्झांडर यानें या विधीस निश्चित स्वरूप दिलें. सेंट पीटर, सेंट पॉल, लॅटरन येथील सेंट जॉन व सेंट मेरी मेजर या रोमच्या चार मोठ्या मंदिरांस प्रत्येकीं एक असें द्वार आहे. एरव्हीं तें आंतून विटांनीं चिणलेलें असतें. पूर्वीं पोप त्या भिंतीवर हातोडीचे तीन घाव घालीत व आधींच मोकळी करून ठेविलेली भिंत खालीं येई. १९७४ च्या नाताळांत तिचे तुकडे पोप सहावे पॉल यांच्या अगदीं जवळ पडले. त्यानंतर ही रीत बदलली; आतां भिंत आधींच काढून घेतात व पोप पितळी द्वाराचीं कवाडें हातांनीं लोटतात. या विधीचें मर्म उघड आहे. द्वार विकत घेतां येत नाहीं. त्यांतून चालत जावें लागतें.

हें मर्म विसरलें गेल्याचे परिणाम मोठे झाले. सेंट पीटरचें नवें मंदिर बांधण्यासाठीं दहावा लिओ यानें दंडविमोचनाची जी मोहीम काढली, ती पवित्र वर्षाची नव्हती. पण तत्त्व तेंच होतें. जर्मनींत टेट्झेल नांवाच्या उपदेशकानें त्याचा बाजार मांडला आणि १५१७ सालीं मार्टिन लूथर यानें आपलीं पंचाण्णव विधानें पुढें केलीं. पश्चिमेकडील ख्रिस्ती समाज दुभंगला. रोमनेंही धडा घेतला. १५६३ सालीं ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें या व्यवहारांतील द्रव्यलोभाचा निषेध केला आणि १५६७ सालीं पांचवा पायस यानें पैशाशीं निगडित अशीं सर्व दंडविमोचनें रद्द केलीं. त्यानंतरचें १५७५ चें पवित्र वर्ष निराळेंच झालें. फिलिप नेरी या साधुपुरुषानें स्थापिलेल्या मंडळानें हजारों गरीब यात्रेकरूंस आसरा व अन्न दिलें, आणि चालून चालून सुजलेले त्यांचे पाय सरदार घराण्यांतील स्त्रीपुरुषांनीं धुतले. पूर्वीं जेथें यात्रेकरूंकडून घेतलें जात होतें, तेथें आतां त्यांना दिलें जाऊं लागलें.

राजकीय उलथापालथींनीं ही परंपरा कधीं कधीं खंडितही झाली. सहावे पायस हे १७९९ सालीं फ्रेंचांच्या कैदेंत वारले. त्यामुळें १८०० सालीं पवित्र वर्ष झालें नाहीं. १८५० हें वर्षही तसेंच गेलें. १८७० सालीं रोम इटलीच्या राज्यांत गेल्यामुळें १८७५ सालीं द्वारें उघडलींच नाहींत. १९०० पासून क्रम पुन्हां सुरळीत झाला. नेहमींच्या वर्षांखेरीज प्रसंगविशेषीं असाधारण पवित्र वर्षही जाहीर होतें; ख्रिस्ताच्या बलिदानास एकोणीसशें वर्षें झालीं म्हणून १९३३ सालीं, व त्याच कारणानें पुन्हां पन्नास वर्षांनीं १९८३ सालीं, असें वर्ष पाळण्यांत आलें.

अलीकडच्या काळांत या प्रथेनें आपल्या मूळ अर्थाकडे पुन्हां वळून पाहिलें, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. दुसरे जॉन पॉल यांनीं २००० सालच्या पवित्र वर्षाची तयारी करतांना, १९९४ सालच्या आपल्या पत्रांत, गरीब राष्ट्रांवरील कर्जाचा बोजा पुष्कळसा कमी करावा, शक्य तर तो अजिबात काढून टाकावा, असें सुचविलें. लेवीय ग्रंथांतील शिंगाचाच तो आवाज होता. १२ मार्च २००० रोजीं त्यांनीं सेंट पीटरच्या मंदिरांत ख्रिस्ती लोकांच्या हातून शतकानुशतकें घडलेल्या अपराधांबद्दल परमेश्वराची जाहीर क्षमा मागितली. क्षमा वाटणाऱ्या पीठावरूनच क्षमायाचना झाली. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालीं दयेचें असाधारण वर्ष जाहीर केलें, तेव्हां पहिलें द्वार रोममध्यें न उघडतां २९ नोव्हेंबर रोजीं मध्य आफ्रिकेंतील बांगी या यादवीनें पोळलेल्या शहरांत उघडलें. २०२५ च्या वर्षासाठीं सेंट पीटरचें द्वार २४ डिसेंबर २०२४ रोजीं उघडल्यावर दोनच दिवसांनीं त्यांनीं रोममधील रेबिब्बिया या तुरुंगांत एक द्वार उघडलें. बंदिवानांच्या सुटकेचें वर्ष प्रत्यक्ष बंदिवानांच्या दाराशीं नेण्यांत आलें. २१ एप्रिल २०२५ रोजीं फ्रान्सिस यांचें निधन झालें, आणि ६ जानेवारी २०२६ रोजीं तें द्वार त्यांच्या जागीं आलेले पोप चौदावे लिओ यांनीं बंद केलें. एका पोपच्या कारकीर्दींत उघडलेलें द्वार दुसऱ्यानें बंद करावें, असा प्रसंग यापूर्वीं १७०० सालीं आला होता.

ज्यांना रोमची यात्रा घडत नाहीं, त्यांचाही विचार केलेला असतो. २९ डिसेंबर २०२४ रोजीं जगांतील प्रत्येक धर्मप्रांतानें आपापल्या मुख्य मंदिरांत हें वर्ष सुरू करावें, अशी आज्ञा होती; त्यामुळें मुंबई, वसई किंवा गोवा येथील भाविकास तें आपल्या प्रांतांतच पाळतां आलें. नेमून दिलेल्या मंदिराचें दर्शन, पापनिवेदन, ख्रिस्तप्रसादाचें ग्रहण, पोपच्या हेतूंसाठीं प्रार्थना आणि पापाच्या मोहापासून मनाची निवृत्ति, या मुख्य अटी आहेत. आजाऱ्यांची व कैद्यांची भेट घेणें, यासारख्या दयेच्या कृत्यांसही तेंच फळ सांगितलें आहे. गोव्यास संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचें दर दहा वर्षांनीं जें दर्शन होतें, त्याची या वर्षाशीं पुष्कळदां गल्लत होते. परंतु तो स्वतंत्र सोहळा आहे.

ठरलेल्या क्रमानें पुढील साधारण पवित्र वर्ष २०५० सालीं यावयाचें आहे. सातशें पंचवीस वर्षांच्या या इतिहासांत गर्दी, वैभव व द्रव्य यांनीं वेळोवेळीं मूळ हेतूस झांकून टाकलें, आणि वेळोवेळीं कोणी ना कोणी तो पुन्हां उघडा केला. तो हेतु पाहतां कठीण नाहीं. ज्याचा हक्क आहे त्यानें तो कांहीं काळानें सोडून द्यावा, ज्यानें अपराध केला त्यानें तो पदरीं घ्यावा, आणि दोघांनींही पुन्हां प्रथमपासून आरंभ करावा. ही गोष्ट मनुष्य आपण होऊन क्वचितच करतो. म्हणूनच तिच्यासाठीं एक वर्ष नेमून ठेवावें लागलें.