कंबर धरते तेव्हा

वाकून पोते उचलले आणि कंबरेत कट्‌ झाले. माणूस तसाच अर्धा वाकलेला राहिला. त्याला सरळ होता येईना की खाली बसता येईना. घरची माणसे धावली. कोणी म्हणाले उसण भरली, कोणी म्हणाले मणका सरकला. कोणी तेल आणले, कोणी वीट तापवली. शेवटी घरातली म्हातारी म्हणाली, "अरे, त्या पायाळू पोराला बोलवा. त्यानं पाठीला पाय लावला की मोकळं होईल."

हे आपण सगळ्यांनीच पाहिले आहे. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो माणूस. त्याची लाथ बसली की उसण जाते, अशी आपल्याकडे समजूत आहे.

मागच्या पावसाळ्यात आमच्या रात्रीच्या वर्गात एका मुलाने मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. एक माणूस टेबलावर कुशीला झोपला आहे. दुसरा त्याचा खांदा एका बाजूला रेटतो, कंबर दुसऱ्या बाजूला रेटतो, आणि एकदम झटका देतो. कडाड्‌ असा आवाज होतो. झोपलेला माणूस हसत उठतो. आमच्या वर्गाला एक मामा येतात. सगळे त्यांना मामाच म्हणतात. ते म्हणाले, "हा तर साहेबी पायाळू दिसतोय!" सगळे हसले. पण वर्ग सुटल्यावर मामा मागे थांबले. त्यांची कंबर चार वर्षांपासून दुखते. ते म्हणाले, "गुरुजी, मुंबईला असले दवाखाने आहेत म्हणे. भाचा म्हणतो, पैसे मी भरतो. जाऊ का?"

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. पुस्तके पाहिली, जाणत्या डॉक्टरांना विचारले. जे कळले ते सगळ्यांच्याच उपयोगाचे आहे, म्हणून इथे सांगत आहोत.

या विद्येचे नाव कायरोप्रॅक्टिक. नाव जड आहे खरे. 'हाताने केलेले' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून ते बनवले आहे. ही विद्या करणाऱ्याला कायरोप्रॅक्टर म्हणतात. विद्या काही फार जुनी नाही. अमेरिकेत आयोवा नावाचे राज्य आहे. तिथे मिसिसिपी नदीच्या काठी डेव्हनपोर्ट हे गाव आहे. त्या गावात डॅनियल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ राहत. त्यांचा जन्म १८४५ सालचा, कॅनडा देशातला. त्यांनी आधी शाळेत शिकवले, मधमाशा पाळल्या, किराणा दुकान चालवले. मग ते अंगावरून हात फिरवून रोग बरे करण्याचा व्यवसाय करू लागले.

ज्या इमारतीत त्यांची खोली होती, तिथे हार्वे लिलार्ड नावाचा एक काळा माणूस झाडलोट करी. सतरा वर्षे त्याला नीट ऐकू येत नव्हते. रस्त्यावरच्या गाडीचा खडखडाटही त्याला कळत नसे. तो म्हणाला, एकदा अडचणीत वाकून काम करताना पाठीत काहीतरी सरकले, तेव्हापासून कान गेले. पामर यांनी पाठ चाचपली. एक मणका वर आलेला वाटला. १८९५ सालच्या सप्टेंबर महिन्यात त्यांनी तो हाताने दाबला, आणि माणसाला ऐकू येऊ लागले. असे पामर यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

आता जरा थांबून विचार करू. ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूकडे जाते. ती डोक्याच्या कवटीच्या आतच असते, पाठीत उतरतच नाही. मग पाठ दाबून कान कसा उघडेल? डॉक्टरांनी ही शंका घेतली, आणि ती रास्त होती. पामर मात्र पुढे गेले. शंभरातले पंचाण्णव रोग मणका जागचा हलल्याने होतात, असे ते सांगू लागले. १८९७ साली त्यांनी शाळा काढली. १९०६ साली परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून त्यांना तुरुंगातही जावे लागले. तरी ही विद्या पसरली. कॅन्सस राज्याने १९१३ साली तिच्यासाठी पहिला कायदा केला. शेवटचे राज्य लुइझियाना. तिथे १९७४ साल उजाडले. आज अमेरिकेत हे काम करायला काही वर्षांचा अभ्यास आणि सरकारी परवाना लागतो. आणि त्यांच्याकडे जाणारे बहुतेक लोक कानासाठी जात नाहीत. कंबर नाहीतर मान दुखते म्हणून जातात.

तेव्हा कानाची गोष्ट सोडू. कंबरेचे काय, ते पाहू.

आपल्या कंबरेत पाच मणके असतात. एकावर एक हंडे रचावेत तसे. पण हंडे नुसते ठेवलेले असतात, मणके बांधलेले असतात. दोन मणक्यांच्या मध्ये चिवट गादी असते. मागच्या बाजूला लहान लहान सांधे असतात. भोवती बळकट पट्टे आणि मांसाचे स्नायू असतात. पोते उचलताना यातला एखादा स्नायू किंवा पट्टा ताणला जातो, एखादा सांधा दुखावतो, कधी गादी दुखावते. नेमके कोणते, ते बरेचदा डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मग सगळे स्नायू आवळून कंबर जखडून टाकतात. तिलाच आपण उसण म्हणतो. मणका काही निसटून बाजूला पडत नाही. काही लोकांचा मणका थोडा पुढे सरकलेला असतो, हे खरे. तो क्ष-किरणांच्या फोटोत दिसतो. पण तोही झटक्याने मागे बसत नाही.

मग तो आवाज कसला? बोटे मोडताना होतो तसलाच. सांध्यात वंगणासारखे पाणी असते. सांधा एकदम ताणला की त्यात हवेची पोकळी तयार होते. २०१५ साली कॅनडातल्या संशोधकांनी बोट मोडताना यंत्राने आतली चित्रे घेतली. आवाज झाला त्याच क्षणी पोकळी झालेली दिसली. म्हणजे आवाज हाड बसल्याचा नाही. मोठा आवाज झाला म्हणजे मोठा गुण आला, असेही नाही.

तरी पुष्कळांना बरे वाटते, ते का? झटक्याने आवळलेले स्नायू थोडा वेळ सैल पडतात, दुखणे कमी जाणवते. कोणी मायेने हात लावला, धीर दिला, यानेही माणूस हलका होतो. आणि तिसरे कारण सगळ्यांत मोठे. नुकतीच धरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच सुटते. मग ज्याचा हात शेवटी लागला, त्याला यश मिळते. आमचा तर्क असा, की पायाळू माणसाची कीर्ती यातूनच वाढली असावी.

मग कायरोप्रॅक्टिक खोटे म्हणायचे का? तसेही नाही. २०११ साली जगभरच्या प्रयोगांचा एकत्र हिशेब झाला. जुन्या कंबरदुखीत मणक्यांना झटका देण्याचा उपयोग व्यायामाइतका किंवा दुसऱ्या साध्या उपायांइतका होतो, त्याहून फारसा जास्त नाही, असे निघाले. २०१७ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या मंडळाने सांगितले, की नव्या दुखण्यात आधी शेक, मालीश, सुयांचा उपचार किंवा असा हाताचा उपचार करून पाहावा, गोळ्यांकडे नंतर वळावे. आपल्या शेकाला तिथे पहिल्या रांगेत जागा मिळाली, हे वाचून आम्हाला बरे वाटले. वीट मात्र फडक्यात गुंडाळूनच लावा. कातडी भाजून घेतलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

एक चूक मात्र आपण घरोघर करतो. कंबर धरली की माणसाला आठ-पंधरा दिवस फळीवर निजवून ठेवतो. पूर्वी डॉक्टरही हेच सांगत. फिनलंड देशात हेलसिंकी शहर आहे. तिथल्या नगरपालिकेच्या १८६ नोकरांवर एक प्रयोग झाला. तो १९९५ साली छापून आला. काहींना दोन दिवस झोपून राहायला सांगितले, काहींना कंबरेचे व्यायाम दिले, आणि काहींना सांगितले, "सोसेल तेवढे रोजचे काम करत राहा." सगळ्यांत लवकर बरे झाले ते हे तिसरे. तेव्हा दुखते म्हणून एखादा दिवस आडवे व्हावे, पण उठावे, हळूहळू चालावे. पोती तेवढी काही दिवस दुसऱ्याला उचलू द्यावीत.

आता जी गोष्ट सांगतो, ती आमच्या मनाला लागलेली आहे. आमच्या वर्गाला एक बाई येत. त्यांची पाठ दुखू लागली. लावणीच्या दिवसांत कोणाची दुखत नाही? त्यांनी तीन वेळा पाठीला पायाळूचा पाय लावून घेतला. मग एका हाडवैद्याने पाठीवर गुडघा देऊन दाबले. दुखणे वाढले. बाई रात्री झोपेनात, वाळत चालल्या, संध्याकाळी अंगात कणकण असे. एक दिवस पाय लटपटू लागले, तेव्हा सरकारी दवाखान्यात नेले. मणक्याला क्षय झाला होता. क्षय फक्त छातीचाच होतो असे आपण समजतो. तो हाडालाही होतो, आणि मणका आतून पोखरतो. पोखरलेल्या मणक्यावर गुडघा दिला तर काय होईल, हे कोणालाही कळेल. बाईंचे नशीब, की पाय गेले नाहीत. त्यांनी वर्षभर गोळ्या घेतल्या. सरकारी योजनेत त्या फुकट मिळाल्या. आता त्या चालतात, पण पाठीला थोडा पोक राहिला आहे.

म्हणून कंबरेबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, रात्री पडल्या जागीही दुखणे थांबत नसेल, तर पाठीला कोणाचा झटका लावून घेऊ नका. झाडावरून किंवा माडीवरून पडून दुखत असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल, किंवा म्हातारपणी हाडे ठिसूळ झाली असतील, तरीही नको. आधी डॉक्टरांकडे जा. पाय लुळा पडू लागला, बसायच्या जागी आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर झाले, लघवी अडली किंवा कळत नकळत होऊ लागली, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री गाडी करून मोठ्या इस्पितळात न्या. तिथे नसा दाबल्या गेलेल्या असू शकतात. तासागणिक नुकसान होते. उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जातो.

जाता जाता मानेचेही सांगतो. केस कापून झाले की काही न्हावी मान मोडून देतात. बरे वाटते म्हणून आपण बसून राहतो. क्वचित का होईना, मानेतली रक्ताची नळी फाटून त्याने झटका आलेला आहे. "दादा, मान राहू द्या," एवढे म्हणायला काही पैसे पडत नाहीत.

मामांना आम्ही हे सगळे वाचून दाखवले. त्यांना ताप नव्हता, पायात जोर होता. तरी आधी तालुक्याच्या दवाखान्यात दाखवा, असे म्हटले. डॉक्टरांनी तपासले, धोक्याचे काही नाही असे सांगितले, आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. त्या मुलीने त्यांना चार साधे व्यायाम शिकवले, रोज चालायला सांगितले. मामांनी बाजारातून कंबरेचा पट्टा आणला होता. तो त्यांनी पुढे केला. ती म्हणाली, "मामा, तो ठेवून द्या." २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने जुन्या कंबरदुखीसाठी जो सल्ला दिला, त्यातही पट्टे आणि वजने लावून ताणणे नको असेच सांगितले आहे. व्यायाम चांगला म्हटला आहे, आणि जाणकाराने दिलेला मणक्यांचा झटका हाही एक पर्याय म्हणून ठेवला आहे. त्याच संघटनेच्या हिशेबाने २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख माणसांची कंबर दुखत होती. हा आकडा ऐकून मामा म्हणाले, "मग मी एकटाच नाही म्हणायचं!"

मुंबईला जायचे की नाही, ते आम्ही त्यांच्यावर सोपवले. जायचेच तर तीन गोष्टी विचारा म्हटले. हे काम कुठे शिकलात? मला झटका देण्याआधी तपासणार का? किती वेळा यावे लागेल? बरे वाटल्यावरही जन्मभर या असे जो सांगेल, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

मामा अजून गेलेले नाहीत. भाच्याच्या पैशांतून त्यांनी चांगल्या चपला घेतल्या. रोज सकाळी ओढ्यापर्यंत चालून येतात. कंबर अधूनमधून दुखतेच, पण वर्गात आता दोन तास मांडी घालून बसतात.